पाणी न हलणारी गाडी

रेणुका मयेकरच्या कंपनशाळेत, म्हणजे गाड्यांचे हादरे काढायच्या कारखान्यात, गाडी तपासण्याची शेवटची पायरी कुठल्याही यंत्राकडे नव्हती. सगळी मोजमापे आटोपली की ती बॉनेटवर दोन्ही तळवे टेकवी, अंगाचा भार देऊन गाडी दाबी आणि सोडून देई. गाडीने एकदा वर यायचे, एकदा खाली जायचे आणि थांबायचे. दुसऱ्यांदा वर आली तर काम पुन्हा करायचे. ही रीत तिच्या वडिलांची. नाना मेस्त्रींनी खाडीकाठच्या याच शेडमध्ये पन्नास वर्षे पाटे आणि शॉकअप बदलले होते.

आता शॉकअपच्या जागी सजग दट्टे आले होते. चाक खड्ड्यात जायच्या आत दट्ट्या खड्डा ओळखी आणि चाक तेवढेच खाली ढकली. वर बसलेल्याला खड्डा कळतही नसे. दट्ट्यांची निगा मात्र शॉकअपइतकीच कटकटीची. तेलसील गळले किंवा बूश झिजले की दट्ट्या क्षणभर उशिरा सरसावे आणि गाडी हादरे. त्यामुळे तालुक्यातली प्रत्येक गाडी आपापल्या परीने थोडी बेसूर होती, आणि रेणुकाला बेसूर काही खपत नसे. नानांनी एकदा स्वतःची गाडी इतकी सुरेख जुळवली होती की डॅशबोर्डवरच्या पेल्यातले पाणी हलत नव्हते. तीच जुळणी नमुना धरून तिने वर्षभरात तालुक्यातली एकूण एक गाडी तशी करून टाकली. जुळणी पुन्हा बिघडू नये म्हणून शाळेतून बिनतारी ताल पाठवायची सोयही केली. त्या तालावर सगळे दट्टे एका क्षणी सरसावत.

नाना म्हणत, प्रत्येक गाडीची चाल निराळी, तिला तिच्या चालीने चालू दे. रेणुकाला ते म्हातारपणाचे बोलणे वाटे. शहाण्या माणसाला स्वतःची चूक सोडून सगळे दिसते, तसेच तिचे झाले होते.

शेवटच्या गाड्या तिने आज सकाळीच सोडल्या. त्यांत इस्पितळाची अँब्युलन्स होती, आणि दुपारी त्याच अँब्युलन्समधून नाना घरी यायचे होते. त्यांच्या खुब्याचे हाड मोडल्याने त्यात धातूची पट्टी घातली होती. सहा आठवडे एकही हिसका बसता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणूनच तिने त्या गाडीवर तीन दिवस घालवले.

साडेतीनला इम्तियाज परकार यांचा फोन आला. खाडीवरचा लांब पूल त्यांच्या देखरेखीखाली होता. "ताई, तुमची कंपनमापकं घेऊन लगेच या. पूल डोलतोय आणि वारा नाही."

पुलाच्या तोंडाशी पोचली तेव्हा दोन्हीकडची फाटके पडलेली होती. डोल वाढला की यंत्रणा आपोआप वाहतूक थांबवी आणि डोल शमेपर्यंत फाटक उघडू देत नसे. नियम चांगला होता. असल्या दिवसासाठी मात्र तो कोणी केला नव्हता. पुलावर दोनशे बारा गाड्या चिकटून उभ्या होत्या. मध्यावर अँब्युलन्सचा पांढरा टप तिला दिसला. नाना त्यातच होते.

तिने सवयीने कठड्यावर तळवे टेकवले आणि मोजू लागली. पूल एकदा वर आला, एकदा खाली गेला, पुन्हा वर आला. ती अकरापर्यंत मोजत गेली. प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा जास्त वर येत होता.

"ढकलतंय कोण याला?" परकारांनी विचारले.

उत्तर तिच्या तोंडाशी आले. हादरा कधी नाहीसा होत नाही. दट्ट्या तो माणसाला लागू देत नाही, कारण तो खाली, रस्त्यावर ढकलतो. गाड्या बेसूर होत्या तोवर एकीचा धक्का दुसरीच्या धक्क्यात विरून जाई. आता सगळ्या एकाच क्षणी ढकलत होत्या. पाळणा हलवायला एक बोट पुरते, बोट नेमक्या वेळी लागले पाहिजे एवढेच. इथे साडेआठशे बोटे लागली होती, आणि ती तिनेच शिकवलेली होती.

हे तिने परकारांना कसेबसे सांगितले. मग ताल बंद करा, ते म्हणाले. तिने शाळेत फोन करून ताल तोडायला लावला, पुन्हा कठडा धरला आणि वाट पाहिली.

डोल कमी झाला नाही, उलट वाढला.

का, ते कळायला तिला थोडा वेळ लागला. शाळेचा ताल गेल्यावर दट्टे आपापल्या जाणिवेवर आले होते. आणि सगळ्यांना जाणवत होता तो एकच डोल. पूल खाली गेला की गाडी समतल ठेवायला सगळे दट्टे एकदम पुलाला खाली रेटत. आता पूलच ताल देत होता, आणि तो बंद करणारी कळ तिच्याकडे नव्हती.

"पूल किती वेळ टिकेल?" तिने विचारले.

"सहा मिनिटं. फार तर सात."

उपाय एकच उरला होता. स्टीअरिंगखाली दट्टे पार बंद करणारी एक लाल कळ असे. गाडी जॅकवर चढवताना मेकॅनिक ती वापरत. चालकांना ती ठाऊकही नसे. दट्टे बंद पडले की गाडी नुसत्या स्प्रिंगांवर येई आणि पुलाचे हिसके स्वतः खाई. परकारांनी पुलावरच्या कर्ण्यांतून ती कळ ओढायच्या घोषणा सुरू केल्या. काचा वर होत्या. आत कोणालाच काही जाणवत नव्हते. गाडीतच बसा असे सांगत असतील असे समजून एकाने, ठीक आहे, बसतो, अशी हाताने खूण केली. गाड्या जितक्या निश्चल, तितका पूल जास्त उसळत होता. रेणुकाला मोठ्याने रडावेसे वाटले.

तिने नानांना फोन लावला.

"अगो रेणू, काय हात बसलाय तुझा," नाना खुशीत होते. "पेला भरून ठेवलाय उशाशी. थेंबही हलत नाही."

"नाना, पूल थांबत नाहीये. मी अकरापर्यंत मोजलं."

मेस्त्रीला याहून जास्त सांगावे लागत नाही.

"लाल कळ?" नाना म्हणाले.

"हो. पण नाना, तुमचा खुबा..."

"माझी गाडी आधी हलल्याशिवाय कोणाचा विश्वास बसायचा नाही." मग ते चालकाशी बोलले. कळ कुठे आहे, कशी ओढायची, आणि ओढल्यावर भोंग्यावरून सगळ्यांना काय सांगायचे. त्यांच्या आवाजात घाई नव्हती, आणि रेणुकाला त्याचीच जास्त भीती वाटली.

कळ ओढल्याचा खटका तिला फोनवर ऐकू आला. त्यामागून नानांची किंकाळी आली. तिने फोन कानापासून दूर केला नाही.

दोनशे अकरा निश्चल गाड्यांच्या मधोमध एकटी अँब्युलन्स उधळल्यासारखी उसळू लागली. शेजारच्या गाडीतला माणूस बघायला खाली उतरला आणि पुलाने त्याला गुडघ्यावर पाडले. तो रांगत आत शिरला. भोंग्यावर सांगितलेली कळ त्याने ओढली आणि लगेच त्याचीही गाडी उसळू लागली, मग मागची, मग तिच्या पुढची. उसळणे मधून दोन्ही टोकांकडे पसरत गेले. काचा उतरल्या आणि माणसांचे ओरडणे ऐकू येऊ लागले.

रेणुका कठड्याला धरून मोजत होती. आता पूल प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी वर येत होता. मग पूल एकदा वर आला, एकदा खाली गेला आणि थांबला. फोनवर चालक रडत होता. नानांचा आवाज येत नव्हता.

नाना वाचले, पण पट्टी हाडातून निसटली होती आणि त्यांना पुन्हा उभे राहता आले नाही. त्यांनी मुलीला कधी बोल लावला नाही. तो बोल ती स्वतःच स्वतःला लावत असे.

पावसाळ्यानंतर शेड पुन्हा उघडली. तालाचे यंत्र तिने स्वतःच्या हाताने मोडीत काढले होते. पहिली गाडी आली तेव्हा नाना चाकाच्या खुर्चीत दाराशी बसले होते. रेणुकाने सील बदलले, बूश बदलले, तळवे टेकवले, गाडी दाबली आणि सोडली. ती एकदा वर आली, एकदा खाली गेली, आणि अगदी किंचित पुन्हा वर आली. रेणुकाचा हात सवयीने पान्याकडे गेला.

"राहू दे तेवढं," नाना म्हणाले.