भिंतीवर राहिलेला फोटो

हेमांगीनं स्टुडिओच्या काउंटरवर पिशवी रिकामी केली, तेव्हा बाहेर शहाद्याच्या रस्त्यावर दुपारची सामसूम होती. सोळा फोटो निघाले. सोळाही फोटोंत तिची आई, मीनाबाई, आणि सोळाही फोटोंत आईचा पदर नाकापर्यंत ओढलेला.

"यातला एक मोठा करायचाय. आईच्या वर्षश्राद्धाला," ती म्हणाली. "पण चेहरा दिसला पाहिजे."

काउंटरमागच्या तरुणानं एकेक फोटो उजेडात धरून पाहिला. चंदन पाटील त्याचं नाव, मूळ धानोऱ्याचा. दुकानदार एरवी प्रत्येक पोरीला ताई म्हणतो. यानं म्हटलं नाही, आणि ते हेमांगीच्या बरोब्बर ध्यानात आलं, बरं का!

"चेहरा तर कुठेच नाही यात..."

नसणारच. मोठे बापू, म्हणजे हेमांगीचे थोरले काका, त्याच घरात राहत होते. थोरल्या दिरासमोर लाज काढायची, चेहरा झाकायचा, ही तापीकाठच्या गुजर घरांतली जुनी रीत. मीनाबाईनं ती तीस वर्षं पाळली. आधार कार्डावर तेवढा पूर्ण चेहरा होता, पण तो चोरी करताना धरल्यासारखा.

"एक फोटो होता," हेमांगी हळूच म्हणाली. "जहाजावरचा. केळीवाल्या शेतकऱ्यांची सहल गेली होती, मुंबईहून गोव्याला. तिथल्या फोटोग्राफरनं काढला होता. आई आल्यावर म्हणायची, मी मलाच ओळखलं नाही गं. पण आप्पांनी घेतलाच नाही. चिंगूसपणा, दुसरं काय! पुढच्या तीन महिन्यांत आई गेली. तेव्हापासून मी आप्पांशी धड बोललेली नाही."

चंदनचा हात थांबला. "मी तीन वर्षं जहाजावर होतो. दुसऱ्या जहाजावर... पण फोटोग्राफरच."

हेमांगीनं झटकन वर पाहिलं. त्या नजरेसमोर खरं सांगणं अवघड होतं. पण त्यानं सांगितलं.

"लोक म्हणायचे, मोबाइल आहे की आमचा! पण आम्ही माणसाला उजेडाकडे वळवायचो. हनुवटी जराशी वर घ्यायला लावायचो. आणि खरं हसू येईपर्यंत थांबायचो... त्या थांबण्याचीच किंमत असते. मग सगळे फोटो एका लांबलचक भिंतीवर लागायचे. ज्याला हवा त्यानं घ्यायचा."

"आणि राहिलेले?"

"शेवटच्या दिवशी यंत्रात घालून कापायचे." त्यानं हातातला फोटो खाली ठेवला. "मीच कापलेत. हजारो."

हेमांगीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. चंदननं नुसताच पाण्याचा ग्लास पुढे केला. "जुन्या मित्रांना विचारतो, जहाजाच्या कॉम्प्युटरवर कुठे उरलाय का," तो म्हणाला. "वचन देत नाही... पण विचारतो."

मग ती दर दोन दिवसांनी येऊ लागली.

"फोनवर विचारलं असतं तरी चाललं असतं," एकदा चंदन म्हणाला.

"फोनवर तुमचं तोंड दिसत नाही ना. खोटं बोलताय का, कसं कळणार?"

"आणि बघून कळतं?"

"कळतं की!" ती बोलून गेली, आणि कानापर्यंत लाल झाली. तोही उगाच लेन्स पुसत बसला.

घरी जाताना मात्र तिला घर आठवायचं. तो दुसऱ्या जातीतला पाटील, ती गुजर. मोठ्या बापूंच्या घरात असा विषय काढायचीही सोय नव्हती.

वर्षश्राद्धाला चार दिवस राहिले आणि चंदननं तिच्यासमोर एक फोटो ठेवला. आई! मागे समुद्र, डोईवरचा पदर खाली, चेहऱ्यावर मोकळं हसू. हेमांगीनं तो छातीशीच धरला. "सापडला! चंदन... सापडला!"

चंदन गप्प राहिला असता तर सगळं निभावलं असतं. जगात कुणालाही कळलं नसतं.

"सापडला नाही," तो शेवटी म्हणाला. "जहाजवाल्यांकडे काहीच उरलेलं नाही. हा मी कॉम्प्युटरवर बनवलाय. चेहरा तुम्ही दिलेल्या आधार कार्डावरचा. हसू... हसू तुमचं घेतलं."

हेमांगीनं त्याच्याकडे पाहिलं, फोटो उचलला आणि निघाली. घरी जाऊन तिनं तो फोटो वडिलांसमोर टाकला. "बघा, तुमच्यामुळे लोकांना आई बनवावी लागते!"

चुनीलाल आप्पा फोटोकडे बघत राहिले. सकाळी स्वतःच टोपी घालून उभे. "चाल, शहाद्याले जाऊत."

स्टुडिओत त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि एक फोटो उघडला. वाकडा, धूसर. भिंतीवर ओळीनं लावलेले परक्यांचे फोटो आणि मधोमध मीनाबाई. वाऱ्यानं पदर खांद्यावर आलेला, कपाळावर बटा, तोंड उघडं टाकून हसणारी. गालावर दिव्याची चकाकी पडलेली.

"फोटोचा फोटो!" चंदन थक्क झाला. "अशा माणसांना हटकायचं कामच होतं माझं."

"चोरीनं काढला," आप्पा म्हणाले. "विकत घेतला तर घरी लावना पडता. भाऊसमोर, उघड्या डोक्यानी बाई... मन्ही छाती नई व्हयनी. ती किती वेळ त्या भिंतीसमोर उभी व्हती. मंग म्हने, ऱ्हाऊ द्या."

हेमांगीला हुंदका फुटला. वर्षभराचा राग कुठल्या कुठे गेला. तिनं वडिलांचा हात दोन्ही हातांत धरला आणि पोटभर रडली.

"मोठा केला तर फुटेल, ठिपके दिसतील," चंदननं सावकाश सांगितलं. "पण चकाकी काढतो. बाकी काही बदलणार नाही."

तो कामाला बसला. हेमांगी त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली. स्क्रीनवर आईचा गाल हळूहळू मोकळा होत होता.

"काल खरं का सांगितलं?" तिनं विचारलं. "मी तर फसले होते."

"तुझ्याशी जन्मभर बोलायचंय मला... सुरुवातच खोट्यानं कशी करू?" एवढं बोलून त्याला मागे बसलेले आप्पा आठवले. त्याचा आवाज पडला. "म्हणजे... जाऊ दे. राहू दे ते."

हेमांगी ताडकन उठली.

"राहू दे म्हणायचं नाही! आई तेच म्हणाली, आप्पांनी तेच ऐकलं, आणि काय उरलं हातात? मी नाही भिंतीवर सोडून जाणार. आप्पा, ऐका. माले हाऊ चंदन पायजे."

चंदनचा हात माउसवर तसाच राहिला. चुनीलाल आप्पांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. आधी स्क्रीनवरच्या बायकोकडे पाहिलं, मग या दोघांकडे.

"भाऊले मी सांगसू," ते म्हणाले. "दोन्ही गोष्टी मीच सांगसू."