पान त्रेचाळीस

लिफ्ट बंद होती. तशी ती नेहमीच बंद असायची, पण त्या दिवशी दारावर ‘बंद आहे’ अशी पाटी लावण्याइतकं कुणीतरी मनावर घेतलं होतं.

चौथ्या मजल्याच्या जिन्यावर ती टेकली. अजून दोन मजले. हातात डबा, खांद्याला पिशवी आणि डोळ्यांखाली अकरा वर्षांची नोकरी. पायऱ्या चढायचा कंटाळा नव्हता तिला. वर पोचायचा होता.

तेवढ्यात खालून धापा टाकत कागदांचा एक गठ्ठा वर आला. गठ्ठ्याला दोन पाय होते, चुरगळलेला शर्ट होता, आणि पाठीमागे कुठेतरी एक माणूस होता.

“सरका जरा... मीही इथेच मरतो,” गठ्ठा म्हणाला.

ती सरकली. तो बसला. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, कानामागे पेन, कपाळावर घाम. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. “घ्या. उष्टी नाहीये... म्हणजे आहे, पण मी वरून प्यायलोय.”

ती हसली नाही. पाणी मात्र घेतलं.

“सहावा मजला?” त्याने विचारलं. “नाटक तपासणी खातं?”

“हं.”

“तुमचंही नाटक अडकलंय?”

“माझं... अकरा वर्षं अडकलंय.”

“बाप रे! मग माझी काय कथा!”

आता हे खातं म्हणजे काय, तर कुठलंही नाटक रंगमंचावर आणायचं असेल तर आधी त्याच्या सात प्रती इथे आणून द्यायच्या. आतला एक वाचक ते वाचणार, नको ते लाल पेन्सिलीने खोडणार, उरलेल्या पानापानावर शिक्का मारणार. वाचकाचं नाव बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, फक्त नंबर. बाईसाहेब होत्या वाचक क्रमांक तीन.

“माझ्या नशिबी कायम तीन नंबर,” तो म्हणाला. “म्हातारा असणार. दात पडलेला.”

“कशावरून?”

“शेरे वाचा ना त्याचे! ‘भाषा सौम्य करावी.’ असं फक्त कवळी लावलेला माणूस लिहितो.”

तिने नकळत जिभेने स्वतःचे दात चाचपले. सगळे होते.

“पण मीही कमी नाही हं,” तो जवळ झुकून कुजबुजला. “प्रत्येक नाटकात पान त्रेचाळीसवर मी एक बकरा बांधून ठेवतो.”

“बकरा?”

“खोडण्यासाठीच लिहिलेला प्रवेश. एकदम वाह्यात! म्हातारा खूश होऊन तो कापतो आणि माझं बाकीचं नाटक सुटतं. चार नाटकं अशीच सोडवलीत.”

“त्रेचाळीसच का?”

“तिथवर येईस्तोवर वाचणारा दमलेला असतो हो. दमलेल्या माणसाला काहीतरी खोडायला मिळालं की बरं वाटतं. काम केल्यासारखं वाटतं.” तो गठ्ठा उचलून उठला. “चला. तुमचं नाटक सुटो लवकर.”

ती तिथेच बसून राहिली. चार नाटकं! चार वेळा तिने ते पान खोडलं होतं, आणि चारही वेळा त्या संध्याकाळी घरी जाताना तिला खरंच जरा बरं वाटलं होतं.

त्या रात्री आईने ताट वाढलं आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. “काय गं, आज कुणाचं प्रेम खोडून आलीस?”

“आई, जेवू दे.”

“जेव की. दिवसभर दुसऱ्यांची प्रेमं खोडतेस, स्वतःचं एक लिहायला काय पेन्सिल झिजते?”

दुसऱ्या दिवशी त्याची फाइल टेबलावर आली. फाइलच्या पहिल्याच कागदावर वाचकाने लिहून द्यायचं असतं, ‘अर्जदाराशी वैयक्तिक संबंध : आहे / नाही.’ अकरा वर्षांत तिने त्या ओळीकडे बघितलंही नव्हतं, हात आपोआप ‘नाही’वर खूण करायचा. आज जरा थबकला. दोन घोट पाण्याला संबंध म्हणतात का? छे! तिने ‘नाही’वर खूण केली आणि सरळ पान त्रेचाळीस उघडलं.

एक मंत्री पांढरा टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून येतो आणि जनतेसमोर आठ मिनिटं भाषण ठोकतो. दर वाक्याला टॉवेल अर्धा इंच खाली.

तिने लाल पेन्सिल उचलली. मग खाली ठेवली. कितीतरी वर्षांनी तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला... आणि पान त्रेचाळीसवर तिने लिहिलं, ‘हरकत नाही.’

आता मेख अशी, की एकदा शिक्का बसला की संहितेतला एक शब्दही गाळायचा नाही. मंजूर झालं ते जसंच्या तसं करायचं, नाहीतर परवाना रद्द. थोडक्यात, बकरा मालकाच्या गळ्यात.

तिसऱ्या दिवशी सहाव्या मजल्यावर आरडाओरडा ऐकू आला. “कुठाय तो तीन नंबरचा म्हातारा?” आणि तो शिपायाला चुकवून थेट तिच्या टेबलासमोर. टेबलावर ‘३’ची पाटी, पाटीमागे ती.

त्याचं तोंड उघडंच राहिलं.

“बसा,” ती म्हणाली. “भाषा सौम्य करावी.”

“तुम्ही?... अहो, पण... टॉवेल! मॅडम, माझा एकही नट टॉवेल लावायला तयार नाही!”

“मग लेखकाने लावावा. संहितेत मनाई नाही.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने, मग नवलाने, मग... तिने नजर घाईघाईने फाइलवर आणली.

पहिल्या प्रयोगाला वाचकाने गुपचूप मागच्या रांगेत हजर राहायचं असतं, मांडीवर संहिता, वाक्यावाक्याला खूण. दुपारचा प्रयोग, निम्मं थिएटर रिकामं. त्रेचाळिसावं पान आलं आणि टॉवेल गुंडाळून हा स्वतः अवतरला. एक हात भाषणाला, एक हात गाठीला. पाचव्या मिनिटाला तिच्या हातून पेन्सिल निसटली ती खुर्च्यांखाली कुठे गेली कोण जाणे. ती हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. पुढच्या दोन पानांवर खुणाच नाहीत.

प्रयोग संपल्यावर ती आत गेली. चेहरा सरकारी.

“संहितेत टॉवेल पांढरा आहे. तुमचा निळा होता.”

“पांढऱ्यातून दिसत होतं, मॅडम.”

“... नोटीस काढावी लागेल.”

“काढा ना. पण पोस्टाने नको, पोस्ट बेभरवशाचं.” तो गालातल्या गालात हसला. “तुम्ही स्वतः आणून दिलीत, तर चहा मिळेल.”

नोटीस निघाली नाही. चहा मात्र झाला. मग दर गुरुवारी त्याचं काहीतरी सरकारी काम निघू लागलं. “स्वल्पविरामाला परवानगी लागते का हो?” “पडदा डावीकडून पाडला तर चालेल?” लिफ्ट बंदच होती. तो चौथ्या मजल्यावर बाटली घेऊन बसलेला असायचा. दोघं फारसं बोलायचीही नाहीत. तो रात्रपाळीला छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधून दमलेला, ती इथे. शेजारीशेजारी बसून नुसतं दमायचं, तेही बरं वाटायचं... आणि मग पुढचे दोन मजले तिला दोनच वाटायचे.

चार महिन्यांनी त्याचं नवं नाटक आलं. तीन वर्षं लिहीत होता ते. पहिल्यांदाच मोठं थिएटर मिळालं होतं, पुढच्या महिन्याची तारीख. तिने सवयीने पान त्रेचाळीस उघडलं.

‘जिना. एक बाई बसलेली. एक माणूस पाणी देतो.
माणूस : दमलात?
बाई : हो.
माणूस : मीही. दोघांनी मिळून दमायचं ठरवलं तर... चालेल?
बाई :’

पुढे काहीच नव्हतं. कंसात बारीक अक्षरात एवढंच, ‘हे वाक्य लेखकाला माहीत नाही. जागा सोडली आहे.’

तिने पहिला कागद समोर ओढला. ‘वैयक्तिक संबंध : आहे / नाही.’

‘नाही’ म्हटलं तर उद्या शिक्का. ‘आहे’ म्हटलं तर फाइल वाचक क्रमांक एककडे. तिथे तीन अंकी नाटक आत जायचं आणि एकांकिका होऊन बाहेर यायची, तीही सहा महिन्यांनी.

गुरुवार होता, तो अजून चौथ्या मजल्यावर असणार. ती फाइल घेऊन खाली उतरली, अकरा वर्षांत पहिल्यांदा ऑफिसच्या वेळेत.

“ऐका,” ती उभ्यानेच म्हणाली. “मी ‘नाही’ लिहिते. पान त्रेचाळीस खोडते. बाकी सगळं मंजूर. तुमचं थिएटर, तुमची तारीख, काही जाणार नाही.”

“आणि ‘आहे’ लिहिलंत तर?”

“एक नंबर.”

त्याने बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. तीन वर्षं काही थोडी नसतात. ‘नाही’च म्हणेल हा, आणि बरोबरच आहे त्याचं...

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “आजवर पान त्रेचाळीस खोडायला म्हणून लिहिलं. हे एकच, खोडू नये म्हणून लिहिलंय.”

“आणि बाकीचं नाटक?”

“बाकीची नव्वद पानं... तो बकरा समजा.”

तिने त्याच्या कानामागचं पेन काढून घेतलं. शाईचं, लाल नव्हे. फाइल जिन्याच्या कठड्यावर टेकवली आणि ‘आहे’वर खूण केली, चांगली ठळक. खाली आणखी एक रकाना होता, तो आजवर कुणी भरलेला तिने पाहिला नव्हता. ‘असल्यास, संबंधाचे स्वरूप.’

तिने लिहिलं, ‘पान ४३ पाहावे.’

“तिथे तर काहीच नाहीये,” तो मान उंचावून वाचत म्हणाला. “तुमचं वाक्य कोरंय.”

तिने पान त्रेचाळीस उघडलं आणि ‘बाई’च्या पुढे दोनच शब्द लिहिले. फाइल त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने वाचलं, आणि फाइलसकट, बाटलीसकट घाईघाईने भिंतीकडे सरकला.

‘बाई : सरका जरा.’