सातवा छर्रा

मोटार उलटी येत होती. फिकट हिरवी, जुन्या काळची, लांबलचक. मी स्कूटरवरून उतार उतरत होते आणि ती मागचे दिवे माझ्याकडे करून चढ चढत होती. बारीक पाऊस. मान पार मागे वळवून बसलेला माणूस ओल्या काचेतून माझ्याकडे इतक्या ओशाळ्या डोळ्यांनी बघत होता, की मला रागावताच येईना.

मी ब्रेक दाबला. त्यानंही. मग काच खाली झाली.

“माफ करा हं... ही पुढे जातच नाही. फक्त मागे जाते.”

“पुढचा गिअर टाकला की इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हाच माझा धंदा. निघालात कुठे?”

“वरच्या गॅरेजात. तिथे एक काका आहेत म्हणे, अशा गाड्यांचे जाणकार.”

“ते माझे बाबा. पाठ धरल्यापासून ते फक्त खुर्चीत बसून माझ्या चुका काढतात. या, सरळ... म्हणजे, उलटेच या!”

तो हसला. हसताना दात मोठे सुरेख दिसले. का, ते मग कळलं. तो दातांचा डॉक्टर होता.

गाडी त्याच्या मावशीची. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. आता तिची नजर अधू होत चालली होती आणि महिनाअखेरीस लायसन्स संपलं की नवं मिळणार नव्हतं.

“तिला एकदाच चालवायची आहे. शेवटची,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “पंधरा दिवस आहेत. होईल?”

बाबांनी खुर्चीतून माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “होईल.”

गिअरबॉक्स उतरवला. लालचुटूक असायचं ते तेल कढलेल्या चहासारखं काळपट झालं होतं, जळका वास मारत होतं. पुढच्या गिअरचा क्लच दाबून धरणारं रबरी सील इतकं कडक झालं होतं, की बोटानं वाकवताच मोडलं. तेलाचा दाब तिथूनच निसटत होता.

दुपारी दवाखाना बंद ठेवून डॉक्टर यायचे. पहिल्या दिवशी चौकशीला, दुसऱ्या दिवशी सहज, तिसऱ्या दिवशी मी घड्याळाकडे बघायला लागले होते. एकदा त्यांनी खिशातून दांडीचा छोटा आरसा काढला.

“अक्कलदाढ बघायचा आरसा आहे हा. तुमच्या गिअरबॉक्सच्या खोल बिळात चालेल?”

चाललाच! आरशात वाकून बघताना आमची डोकी टेकली... आणि दोघंही जरा जास्तच वेळ त्या बिळात बघत राहिलो.

“काय दिसतंय एवढं?” बाबांनी खुर्चीतून विचारलं.

क्लचच्या नव्या प्लेटा बसल्या, नवं सील बसलं. “इथे तळहात ठेवा,” मी म्हणाले आणि तेलाच्या वाटेनं हवा सोडली. आतून ठप्प असा मऊ ठोका आला. त्यांचे डोळे मोठे झाले.

“जिवंत आहे!”

“हात काढा आता.”

“काढतो की... घाई आहे?”

शेवटी उरला तेलाला वाटा दाखवणारा झडपांचा चक्रव्यूह. त्यात छोटे पोलादी छर्रे ठेवायचे असतात, मोजून सात. मी ते ठेवत होते आणि डॉक्टर सांगत होते, लहानपणी मागच्या सीटवर झोपलं की मावशी चालवताना गिअर कधी बदलला ते कळायचंसुद्धा नाही. ढगावरून गेल्यासारखं वाटायचं...

गाडी जोडली, चाचणीला काढली, आणि पहिल्यातून दुसऱ्यात जाताना असा दणका बसला की माझे दात वाजले. मुदतीला दोन दिवस उरले होते.

पुन्हा उघडलं. छर्रे सहाच. सातवा पुसायच्या फडक्याच्या घडीत, अगदी निवांत. अशी चूक माझ्याकडून कधी झाली नव्हती. बाबा एवढंच म्हणाले, “ज्याची गाडी, त्याला सांगून ये.”

मी तशीच, तेलकट कपड्यांनी दवाखान्यात गेले. खुर्चीत एक आजोबा आ वासून बसले होते.

“डॉक्टर, गाडीला झटका बसतोय. चूक माझी आहे. एक छर्रा घालायचा राहिला.”

“राहिला कसा?”

“मोजत होते, तेव्हा तुम्ही बोलत होतात. मी मोजायचं सोडून... ऐकत बसले.”

मास्कच्या वर त्यांचे डोळे हसायला लागले. “मीही आज यांच्या भलत्याच दाढेकडे वळलो होतो. वेळीच लक्षात आलं.”

आजोबांनी तोंड मिटलं. “माझी दाढ होईपर्यंत तुम्ही दोघं एकमेकांशी बोलू नका,” ते म्हणाले. “कृपा करा!”

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, कोवळ्या उन्हात, मावशींनी गाडी काढली. आम्ही दोघं मागे. रस्ता मोकळा, झाडांच्या सावल्या काचेवरून वाहत होत्या. पहिला, दुसरा, तिसरा... कधी बदलले, ते मलाही सांगता आलं नाही. परत आल्यावर मावशींनी इंजिन बंद केलं, स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला आणि किल्ली भाच्याच्या हातात दिली.

“मुली, छान केलंस हं,” एवढंच म्हणून त्या सावकाश घरात गेल्या.

डॉक्टर किल्लीशी चाळा करत उभे राहिले. “म्हणजे... आता गाडीत काहीच बिघाड नाही?”

“काहीच नाही.”

“अगदी बारीकसाही?”

“नाही म्हटलं ना!”

“मग उद्या दुपारी मी गॅरेजात कोणत्या निमित्तानं येऊ?”

माझ्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. मी ‘या’ म्हणायला तोंड उघडलं...

“ये,” मी म्हणाले. “नुसताच ये.”