माळ्यावरून आलेली हाक

आधीच सांगतो, ही इकडून तिकडून कानावर आलेली गोष्ट नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावशी आहे. नगरला सावेडीत राहते आणि आजही रोज सकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामावर हजर असते. तुम्हाला पटो न पटो, ते व्हिडिओ मी स्वतः पाहिलेत. एकदा नाही, कितीतरी वेळा.

दिवसही पक्का आठवतो. २०२४ सालची भोगी. संक्रांतीचा आदला दिवस, रविवार, संध्याकाळची वेळ.

जागा कर्जत तालुक्यातली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ते शेत तिथंच आहे, आणि माळाही.

यामिनीमावशीनं लग्न केलं नाही. आजोबा होते तोवर त्यांचं सगळं तिनंच केलं आणि ते गेल्यावर त्या फ्लॅटमध्ये ती एकटी उरली. तिला नाद एकच, हॅण्डीकॅमचा. जग मोबाईलवर सिनेमे काढायला लागलं, तरी ही बाई तो जुना एचडी कॅमेरा ट्रायपॉडवर चढवून रानोमाळ हिंडायची. माझी आई तिला चिडवायची, "यामे, आता भंगारवालासुद्धा घेणार नाही गं तो!"

"त्याच्या झूमची सर आहे का तुमच्या मोबाईलला?" ती ठसक्यात म्हणायची.

रेहेकुरीची काळविटं, मुळा धरणावरची बदकं, बाभळीवरची सुगरणीची घरटी. सगळं शूट करायचं आणि यूट्यूबवर टाकायचं. बघणारे मोजकेच. त्यातला एक मी.

तिचा एक नियम होता. कॅमेरा चालू असताना तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. व्हिडिओत फक्त वारा आणि पाखरं. इतक्या वर्षांचे व्हिडिओ, पण एकातही तिचा आवाज नाही. चेहरा तर नाहीच.

"मावशी, तू यात कुठंच नाहीस गं," मी एकदा म्हणालो.

"माझं काय करायचंय तुला? पाखरं येऊन समोर बसतात. तेवढी सोबत मला पुरते, अनिमेष."

हसत म्हणाली होती. पण खरंच सांगतो, तिच्याजवळ दुसरं काहीही नव्हतं.

त्या भोगीला ती गेली ती भोरड्यांसाठी. हिवाळ्यात हजारोंच्या थव्यानं येणारी ही गुलाबी अंगाची पाखरं हुरड्यात आलेल्या ज्वारीवर तुटून पडतात. दिवस मावळताना अख्खा थवा आभाळात वळसे घेतो. ते दृश्य तिला कधीपासून हवं होतं.

बांधावर तिनं ट्रायपॉड लावला. समोर डोक्याइतकी उंच ज्वारी. मधोमध राखणीचा माळा... चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेल्या, टेकवलेली एक शिडी. यावर बसून दिवसभर ओरडायचं, गोफण फिरवायची आणि पाखरं उडवायची. माळा रिकामा होता.

बांधावरून एक म्हातारा शेतकरी आला. कारभारी त्याचं नाव.

"कसलं शूटिंग म्हनायचं, मॅडम?"

"भोरड्यांचं. ज्वारी तुमचीच का?"

"वाट्यानं करतो. गोजरबाईची हाय... म्हंजे हुती. लेक पुन्याला असती. माझ्या सोताच्या रानात मी कांदा लावलाय. समद्यांनीच लावलाय. राखणीला मानूस कुठनं आनायचं?"

"मग हा माळा?"

"ऱ्हायलाय तसाच." त्यानं माळ्याकडं पाहिलंच नाही. "दिस मावळायच्या आत निघा, मॅडम. हितं कुनी नसतं."

तो गेला. थवा आला. मावशीला हवं ते सगळं मिळालं. खुशीतच ती घरी आली, तिळाची भाकरी आणि भोगीची भाजी एकटीनंच खाल्ली आणि कार्ड लॅपटॉपला लावलं.

पाखरांचा कलकलाट. वारा. आणि मग...

"हाऽऽऽ ओऽऽऽ..."

बाईचा आवाज. लांबून येणारा, थकलेला.

मावशीनं मागं घेऊन पुन्हा लावलं. तीच हाक. मग शांतता. मग पुन्हा हाक.

तिथं असताना तिनं असलं काहीही ऐकलं नव्हतं. कुणीतरी लांबच्या शेतात राखण करत असेल, आपलं लक्ष नसेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. पण एक गोष्ट तिला खटकली.

त्या हाकेनं एकही पाखरू उडालं नव्हतं.

तिनं व्हिडिओ तसाच टाकला. कसं कुणास ठाऊक, तो पसरला. तिच्या कुठल्याच व्हिडिओला मिळाले नव्हते इतके बघणारे मिळाले. आणि चारेक दिवसांनी खाली एक कमेंट आली. सुरेखा नावाच्या बाईची.

"हा माझ्या आईचा आवाज आहे. तुम्ही हे कधी शूट केलंत? आईला जाऊन दोन वर्षं झाली."

मावशीनं ती हाक पुन्हा लावून ऐकली.

मग तिनं उत्तर लिहिलं, "आताच्या भोगीला." मग सुरेखानं लिहिलं, "आई त्याच माळ्यावर गेली. एकटीच होती. दिवसभर कुणाला कळलं नाही. माझ्याकडे तिचे फोटो आहेत, आवाज नाही. अजून असेल तर द्याल का?"

दुसरी कुणी असती तर तिनं व्हिडिओ काढून टाकला असता आणि देवापुढं दिवा लावला असता. मावशी त्यातली नव्हे. लेकीला आईचा आवाज हवाय, आणि तो आपल्या कॅमेऱ्यात येतोय. बस्स. पुढच्या रविवारी ती पुन्हा त्याच बांधावर उभी होती.

या वेळी तिनं हेडफोन नेले होते. कॅमेऱ्याला लावले आणि कानावर चढवले.

ऊन उतरत होतं. भोरड्या ज्वारीवर बसल्या होत्या. कणसं नुसती वाकली होती.

बराच वेळ काही नाही...

"हाऽऽऽ ओऽऽऽ..."

मावशीनं झटकन हेडफोन काढले.

नुसता वारा. पाखरं टिपतायत. माळा रिकामा.

तिनं पुन्हा हेडफोन लावले.

"हाऽऽऽ ओऽऽऽ..."

आता आवाज नीट येत होता. त्या हाकेत धाप होती. आणि हाक संपली की एक थांबा होता. उगाच नव्हे. कुणीतरी कान देऊन बसलंय, असा.

मावशीनं झूम केलं. फळ्या. शिडी. फळीच्या कडेला लोंबणारी गोफण.

वारा पडला होता. गोफण हलत होती.

ती पळाली नाही. का नाही पळाली, ते तिनं मला नंतर सांगितलं. आजोबा गेल्यावरही कितीतरी महिने ती कुलूप उघडून आत शिरली की सवयीनं म्हणायची, "बाबा, आले हं!" आणि उंबऱ्यात उभी राहायची. उत्तर येणार नाही हे माहीत असूनही थांबायची.

हा थांबा तिच्या ओळखीचा होता.

"हाऽऽऽ ओऽऽऽ..."

या वेळी हाक इतकी क्षीण आली की मावशीला भडभडून आलं. कुणीतरी ओ द्या गं हिला! आजूबाजूला एकही माणूस नव्हतं. कॅमेरा चालू होता. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं नियम मोडला.

दोन्ही हात तोंडाशी धरून ती ओरडली,

"ओऽऽऽ! आहे मीऽऽऽ!"

अख्खा थवा एकदम उठला. आभाळ काळं झालं.

आणि मग हेडफोनमध्ये...

कर्र...

शिडीची पायरी. मग दुसरी. मग तिसरी. कुणीतरी सावकाश, गुडघे सांभाळत खाली उतरत होतं.

शिडीवर कुणी नव्हतं.

मग ज्वारी हलायला लागली. सगळी नाही. माळ्यापासून एक रेघ निघाली, ताटं बाजूला सारत, सरळ तिच्या दिशेनं. मावशीला हलताही येईना. रेघ बांधापर्यंत आली. सळसळ थांबली. मिसरीचा दर्प आला, एकदम नाकाशी.

हेडफोनमध्ये कुणीतरी मोकळा श्वास सोडला.

मग वाळलेल्या गवतावर पावलं. तिच्या बाजूनं पुढं. गावाच्या वाटेला. हळूहळू लांब जात बंद झाली.

त्या घटकेला भीती वाटली नाही, असं मावशी शपथेवर सांगते. उलट बरं वाटलं. कुणाला तरी घरी जायला मिळालं, इतकंच मनात आलं.

तेवढ्यात कारभारी धापा टाकत आला.

"मॅडम, आत्ता कोन वरडलं?"

"मी."

"आन त्याच्या आधी? हाक आलती का?"

मावशीनं मान हलवली. म्हातारा मटकन बांधावरच बसला.

"ओ दिलीत व्हय तुमी... आरं देवा."

"काय झालं? ती पाखरं उडवायची हाक होती ना?"

"न्हाई, बाई. पाखरांची हाक येगळी. ही मानसाला द्यायची हाक हाय." तो खालच्या आवाजात बोलत होता. "पानी प्यायला, भाकर खायाला उतरायचं आसलं की शेजारच्या माळ्याला आशी हाक मारायची. शेजारनीनं ओ दिली की राखण तिनं घेतली. मंग उतरायचं. ओ आल्याबिगर खाली पाय ठेवायचा न्हाई. रान उघडं पडतं."

त्यानं पहिल्यांदाच माळ्याकडं पाहिलं.

"त्या दिशी गोजरबाईच्या छातीत कळ आली आसंल. उतरायचं आसंल तिला. पर माळाच ऱ्हायला न्हवता कुनाचा. ओ कोन देनार? सांजच्याला पाखरं रानात बिनघोर बसल्याली दिसली, तवा आमाला कळलं."

"म्हणजे मी..."

"राखण घेतलीत तुमी. ती माघारी येईस्तोवर."

"आणि ती कधी येणार?"

कारभारी उठला, धोतर झटकलं आणि मागं न बघता चालू लागला.

मावशीनं झालेलं सगळं सुरेखाला कळवलं. त्यावर तिची पुन्हा एकदाच कमेंट आली. त्या पहिल्या व्हिडिओत आता हाक ऐकू येत नाही म्हणाली. मी पाहिलं, खरंच येत नाही. पण तिनं पुढं लिहिलं होतं, "आई स्वप्नात आली. घरी बसून भाकरी खात होती. तुमचे उपकार कसे फेडू?"

मावशीनं ते वाचलं आणि डोळे पुसले.

त्यानंतर आठवड्याभरानं ती मुळा धरणावर गेली. कॅमेरा लावला. पाण्यावरची बदकं उठली आणि गेली.

रेहेकुरीला गेली. काळविटांनी माना वर केल्या आणि कळपच्या कळप पळाला.

बाल्कनीत ती रोज दाणे घालायची. चिमण्या यायच्या बंद झाल्या. दाणे तसेच. शेजारच्या बाल्कनीत मात्र चिवचिवाट.

तिच्यासमोर आता एकही पाखरू बसत नाही.

ती काही करत नाही. हूं की चूं करत नाही. पण घरी येऊन शूटिंग लावलं की त्यात आवाज असतो. हुर्रर्रर्र... हाऽऽ... पाखरं उडवायचा. आवाज तिचाच असतो.

दोनदा ती त्या शेतावर जाऊन आली. एकदा सरळ माळ्यावर चढून बसली आणि हाका मारमारून घसा बसवून घेतला. चहूकडं कांदा. कुणी ओ दिली नाही.

आई तिला आमच्याकडं पुण्याला ये म्हणते. ती येत नाही. व्हिडिओ मात्र टाकते अजून. मोकळं आभाळ. मोकळं पाणी. मोकळी फांदी. बघणारे गळाले.

मी बघतो.

परवा तिनं नवीन व्हिडिओ टाकला. खोलीत मी एकटाच होतो. पडद्यावर एक वठलेली बाभूळ, मागं उतरलेलं ऊन. बराच वेळ काहीच नाही. पाखरं उडवायचा आवाजसुद्धा नाही.

आणि मग...

"हाऽऽऽ ओऽऽऽ..."

मावशीचा आवाज. थकलेला.

मग तो थांबा.

पुन्हा हाक. पुन्हा थांबा. माझ्या लहानपणी तापात रात्ररात्र उशाशी बसलेली माझी मावशी. माझं तोंड उघडलं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. मी हात तोंडावर दाबून धरला आणि व्हिडिओ संपेपर्यंत तसाच बसलो.

दहा मिनिटांत तिचा फोन.

"पाहिलास का रे?"

"पाहिला."

"ऐकू आलं?"

"आलं."

"मग... गप्प राहिलास ना?"

"हो, मावशी."

"बरं केलंस हो, बाळा."

पुढं ती काही बोलली नाही.

पण फोनही ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मागं ना वाऱ्याचा आवाज, ना पाखरांचा.

ती थांबली होती.

मी फोन कानाला तसाच धरून, दुसरा हात तोंडावर दाबून बसून राहिलो.