भोंपू आणि वरची खिडकी

"बंद इस्पितळात पाव कोण खातं गो?" ओंकारने सायकलचा ब्रेक दाबला.

तो सुट्टीत मुरगावहून डिचोलीजवळच्या गावी मामाकडे आला होता. मामेबहिणी गौरवी आणि सिद्धीही थांबल्या. जुन्या मानसोपचार इस्पितळाच्या फाटकाशी पाववाला देवेश पोदेर भोंपू वाजवत होता. पों-पों! वरच्या खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली आली. देवेशने तिच्यातला अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, घेतला आणि दोन उंडे पाव ठेवले.

"कोण आहे वर, देवेशकाका?"

"कोण जाणे! हात तेवढा दिसतो. माझी बायको मात्र खूश आहे!"

तो गेला. फाटकावर नवा कागद होता. गौरवीने वाचला. "इमारत रिकामी असल्याची खात्री केली आहे. उद्या सकाळी आठला पाडकाम."

"रिकामी?" सिद्धी ओरडली. "मग ती पिशवी भुताची?"

तिघं मागच्या पडक्या कुंपणातून आत शिरली. अबोलीच्या वाफ्याला नुकतंच पाणी घातलेलं होतं. झारी घेऊन एक म्हातारा उभा होता. त्याचं नाव महादेव.

"मी इथंच बरा झालो," तो म्हणाला. "इस्पितळ दुसरीकडे हललं, मला घरी धाडलं. घरात कोणी उरलं नव्हतं. परत आलो."

"आजोबा, उद्या हे पाडणार!"

महादेवने झारी खाली ठेवली. "मला पकडून परत कुठेतरी भरती करतील. तुम्ही मला पाहिलं नाही, कळलं?" तो आत गेला. कडी वाजली.

सकाळी साडेसातला पाडकामाचं मशीन फाटकात होतं.

"आत माणूस आहे!" गौरवीने सुपरवायझरला अडवलं.

"पोरांनो, खेळायला दुसरी जागा नाही?"

"आत जाऊन बघा तरी!"

"कागदावर रिकामी आहे. व्हा बाजूला!"

मशीन घरघरलं. हाका मारून महादेव बाहेर येणार नव्हता. गौरवी ओंकारच्या कानात काहीतरी बोलली. तो सायकलवरून सुसाट सुटला आणि आठला पाच कमी असताना धापा टाकत परतला.

"देवेशकाका सरपंचांना घेऊन येतोय. भोंपू पुढे पाठवला!"

"एक मिनिट मशीन बंद करा, काका. मग आम्ही जातो," गौरवी म्हणाली. सुपरवायझरने वैतागून हात वर केला. घरघर थांबली. गौरवीने भोंपू दाबला.

पों-पों!

काहीच नाही. सुपरवायझर हसला. गौरवीने जोर लावून पुन्हा दाबला. पों-पों!

खिडकी किलकिली झाली. पिशवी हळूहळू उतरली आणि मशीनसमोर लोंबकळत राहिली. आत ताजा वळेसर होता.

ड्रायव्हरने स्वतःच चावी काढून घेतली.

तेवढ्यात सरपंच संजनाताई पोचल्या. "खात्री केली म्हणून लिहिणारा आत कधी गेला होता?"

सुपरवायझरने फाटकावरचा कागद काढला.

देवेशने वर पाहून हाक दिली, "आजोबा, कोणी भरती करत नाही! आमच्या भट्टीमागे खोली आहे, अंगण आहे. चला!"

वरून आवाज आला. "अंगणात ऊन किती?"

"सकाळचं भरपूर!"

महादेव खाली आला. संजनाताईंनी तिघांची पाठ थोपटली. "शाब्बास! मोठ्यांचं काम तुम्ही केलंत."

अबोलीची रोपं न्यायला ओंकारने लगेच कामगारांचं फावडं उचललं.

"आता नको रे," महादेव म्हणाला. "अबोली ऊन उतरल्यावर काढायची."

संजनाताईंनी सुपरवायझरकडे पाहिलं.

"संध्याकाळपर्यंत थांबतो की," तो पुटपुटला. "झारी कुठे आहे?"