नाल्यापलीकडची अकरा घरं

गुंजननं कैलासला तेच तिसऱ्यांदा सांगितलं. त्यानं तिसऱ्यांदाही मान डोलावली, पण त्या मान डोलावण्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

"भाऊ, डोंगा थांबवाचा नाई. वाऱ्याच्या तोंडी, धिम्या चालीनं ठेवजो. थांबला का गरगर फिरते, मंग मले ड्रोन हातात झेलता येत नाई."

"समजलं न, ताई," कैलास म्हणाला. मासेमारी करण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि चोवीस वर्षांच्या पोरीनं आपल्याला डोंगा चालवायला शिकवावा याची त्याला गंमत वाटत होती.

गुंजन आर्वीत लग्नांची शूटिंग करायची. मांडवावरून, वरातीवरून ड्रोन फिरवून तिचा हात चांगला बसला होता. चालत्या डोंग्यावरचं काम मात्र वेगळंच निघालं. ड्रोन जिथून उडतो ती जागा तो आपलं घर म्हणून लक्षात ठेवतो, आणि बॅटरी संपत आली की कोणाचं न ऐकता तिकडेच निघतो. तोवर डोंगा पुढे गेलेला असतो. म्हणून उडाल्यावर त्याला नवं घर सांगत राहावं लागतं. हे ती विसरणाऱ्यातली नव्हती.

मे महिना संपत आला होता, धरण बरंच उतरलं होतं. तरी त्यात बुडालेलं जुनं गाव, बेलधरी, उघडं पडलं नव्हतं, अजून पुरुषभर पाण्याखाली होतं. पुनर्वसन कचेरीतला नकाशा म्हणत होता की बेलधरीच्या नाल्यापलीकडे घरं नव्हतीच. गाव उठलं तेव्हा अलीकडच्यांना नव्या गावात प्लॉट मिळाले. पलीकडची अकरा बौद्ध कुटुंबं, त्यात गुंजनचंही, तेव्हापासून नव्या गावाच्या कडेला टिनाखाली राहत होती. नसलेल्या घरांच्या बदल्यात जागा कशी देणार, असं कचेरी अगदी शांतपणे विचारायची. उद्या शेवटची सुनावणी होती. पाणी नितळ होतं, सूर्य डोक्यावर होता, आणि वरून पाहिलं तर घरांची जोती दिसतील असा गुंजनचा हिशेब होता. तिला अकराच्या अकरा हवी होती. दहा दाखवली असती तर दहाही खोटी ठरली असती.

तिनं ड्रोन तळहातावर धरला. पंखे फिरले, तो उचलला गेला, आणि नेमक्या त्याच क्षणी कैलासनं मोटर बंद केली.

"बंद काऊन केली?"

"इथं चालू नाई ठेवत ताई आम्ही. खाली घरं आहेत न. कोनाची झोप मोडू नये." त्यानं वल्हं हातात घेतलं. "माहा बापही असंच करे. हे जोते गेले का मंग चालू करतो."

भुताखेतांशी गुंजनचं कधी जमलं नव्हतं. तिच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या होत्या आणि तिला त्या पाठ होत्या. तिनं कैलासला चांगलं फैलावर घेतलं. पाण्याखाली कोण झोपतं, तुमच्या या असल्या गोष्टींपायी आमचं काम बुडेल, आमच्या घरांची एवढी काळजी होती तर गाव उठलं तेव्हा कुठे होते, असं सगळं ती बोलली. तो वल्हवत राहिला. पुढे गेल्यावर त्यानं मोटर लावली. या भांडणात ड्रोनला नवं घर सांगायचं राहून गेलं.

पडद्यावर जोती दिसू लागली. हिरवट पाण्याखाली काळे चौकोन. एक, दोन, तीन. तिच्या बापाचं घर पाचवं होतं, ते तिनं दारासमोरच्या दगडी रांजणावरून ओळखलं. सहा. नऊ. दहा.

अकरावं सापडेना. शेवटचं घर तिच्या मंदाआत्याचं. ती तिथंच पुन्हापुन्हा ड्रोन फिरवत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की जोत्यांच्या शेजारी सावल्या आहेत.

भर दुपार होती. डोंग्यात तिची स्वतःची सावली पायाखाली गेली होती. पडद्यावरच्या सावल्या मात्र लांब होत्या, दिवस कलल्यावर भिंतींच्या पडतात तशा. भिंती तर कुठेच नव्हत्या.

लेन्सवर पाणी उडालं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. तेवढ्यात बॅटरीचा इशारा वाजला आणि ड्रोन वळला. तिनं परतीचा हुकूम रद्द करून पाहिला, दोनदा, तीनदा. चूक कुठे झाली ते तिला तेव्हा कळलं. ड्रोन शंभर हात मागे गेला, मोटर बंद केली होती त्या जागेवर थांबला आणि खाली उतरू लागला.

"गेला," कैलास म्हणाला.

पाण्यावर साधा तरंगही उठला नाही.

पडद्यावर उंचीचा आकडा शून्य झाला, मग वजा एक, वजा दोन. पंखे थांबल्याची खूण आली. पाण्याखालून चित्र येऊ शकत नाही, हे गुंजनला पक्कं ठाऊक होतं. तरी चित्र येत होतं. सारवलेलं अंगण होतं. कोरडं. त्यावर खराट्याचे ताजे ओरखडे होते.

मग अंगण दूर गेलं. कोणीतरी ड्रोन उचलला होता.

चित्र सावकाश फिरलं. एक दार, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक दारापाशी ते थोडं थांबत होतं, गणती करणाऱ्यानं थांबावं तसं.

मग पडदा काळा झाला.

"ताई, चाला. राहू द्या ते."

"शूटिंगचं कार्ड त्यात आहे, भाऊ."

"तुम्हाले हात जोडतो."

गुंजन घाबरली होती. आणि आपल्याच भीतीचा तिला मनस्वी राग आला. एवढी वर्षं कचेरीनं तिच्या माणसांना, तुमची घरं नव्हतीच, म्हणून सांगितलं होतं. आता पाण्यालाही घाबरायचं असेल तर मग झालंच.

"आपल्याच गावात उतराले मले भेव कायचं? मोटर चालू ठेवा. मी झोपमोड कराले चालली."

कैलासनं डोंगा मागे त्या जागेवर आणला तशी तिनं खोल श्वास घेऊन बुडी मारली. पाय जोत्याला टेकले. हातानं चाचपत गेली तर ड्रोन तिथेच होता, दगडावर नीट ठेवलेला. वर आल्यावर डोंग्याचा काठ धरून तिनं तो पाहिला. त्याचे चारही हात घडी घालून मिटलेले होते, पेटीत ठेवताना ती मिटायची तसे. कार्डाचा खण उघडला. आत टिपूस नव्हता.

 किनाऱ्यापर्यंत कैलासनं मोटर बंद केली नाही, एवढं मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कचेरीत साहेब, एक कारकून, गुंजन आणि मंदाआत्या एवढेच होते. साहेबानं घड्याळ पाहत लॅपटॉप लावायला सांगितलं. जोती आली तेव्हा तो म्हणाला, "दगड कुठेही असतात." मग अंगण आलं, आणि तो पडद्याकडे वाकला.

"हे कधीचं आहे?"

"काल दुपारचं," गुंजन म्हणाली. तारीख कोपऱ्यात होती.

आता पडद्यावरच्या दारांत माणसं उभी होती. काल ती नव्हती, हे गुंजन शपथेवर सांगू शकली असती. मंदाआत्या खुर्चीत पुढे सरकली. 

"हे तानबाचं. हे मनकर्णाबाईचं, ते अन् तिचा नवरा नव्या गावात टिनाखाली मेले. हे रूपरावचं. लिहा न बाप्पा, पाहून काय राह्यले?"

कारकुनानं साहेबाकडे पाहिलं आणि लिहू लागला. चार. सात. दहा.

अकराव्या दारात एक बाई पाठमोरी उभी होती. अंगावर जांभळं पातळ, पिवळ्या काठाचं. गुंजननं आत्याकडे पाहिलं. सकाळी एसटीतून उतरताना आत्याचं लुगडं दाराला अडकून फाटलं होतं आणि गुंजननं घाईघाईत स्टँडसमोरच्या दुकानातून हेच पातळ घेऊन तिला नेसवलं होतं. दुकानाची चिठ्ठी अजून खांद्यामागे लटकत होती. काढायची राहून गेली होती.

पडद्यावरच्या बाईच्या खांद्यामागेही ती होती.

साहेब पाणी प्यायला. "बाई," तो हळू म्हणाला, "ह्या तुम्ही आहात?"

मंदाआत्यानं पडद्याकडे पाहिलं. मग पदर सावरला.

"घर माहं आहे, त दारात दुसरं कोन उभं राहीन? लिहा. अकरा."

कारकुनानं लिहिलं. पडद्यावरची बाई तेव्हा आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.