मावशीचा ढीग

"आधी टोमॅटोची रोपं, मग मिरच्या, आणि दुपारी पोहायला!" सुटीचा बेत ओरडत भोपू पुढे धावला आणि मावशीच्या रोपवाटिकेच्या कोपऱ्यात थबकला. "ठिणगे, ढीग कुठे गेला?"

ठिणगी बघतच राहिली. पालापाचोळा कुजवून, अंड्यांची टरफलं चुरून मावशीने वर्षानुवर्षं जमवलेली काळी माती कुणीतरी खरवडून नेली होती! ट्रेमधल्या रोपांची मुळं बाहेर डोकावत होती. आता नवी माती मिळाली नाही, तर रोपं मान टाकणार होती आणि मावशीची सगळी मेहनत वाया जाणार होती.

हातगाडीच्या चाकांचे माग कुंपणापलीकडे, दुकानाच्या बांधकामाकडे जात होते. मुलांनी तिथे जाऊन मातीचा जाब विचारला.

"आमचा मुरूम खाणीतून येतो!" कंत्राटदार खेकसला. "आणि माती ती माती! तिच्यावर काय तुमचं नाव लिहिलंय? पळा!"

"जाऊ दे गं," मुलं परतल्यावर मावशी हताशपणे म्हणाली. "भांडून रोपं जगत नाहीत."

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर शिरजोर, आणि आपण गप्प बसायचं? मुळीच नाही!

ती, भोपू आणि तिचा धाकटा भाऊ चिकट्या कुंपणाच्या फटीला डोळा लावून बसले. दुकानाच्या पायाच्या खड्ड्यात काळीभोर भर पडली होती. उद्या तिच्यावर काँक्रीट ओतलं, की माती कायमची गडप!

"उद्या दुकानाच्या मालकीणबाई काम बघायला येणार आहेत, असं मजूर म्हणतायत. त्यांच्यासमोरच विचारू," ठिणगी दात-ओठ खात म्हणाली.

सकाळी बाई येताच भोपूने भोळा चेहरा केला. "काका, इथे काय भरलंय हो?"

"खाणीतला मुरूम!" कंत्राटदाराने बाईंकडे बघत छाती फुगवली. "हत्ती नाचला तरी खचणार नाही!"

"मग मी नाचतो!" चिकट्याने उडी ठोकली आणि घोट्यापर्यंत रुतला!

ठिणगीने मूठभर माती उकरून बाईंसमोर धरली. "ही आमच्या मावशीच्या रोपवाटिकेतून चोरलेली माती आहे!" तीत गांडूळ वळवळत होतं आणि पांढरी टरफलं चमकत होती.

"काका, खाणीत अंडी कोण खातं?" भोपूने विचारलं.

बाई कंत्राटदारावर कडाडल्या, "या भुसभुशीत मातीवर माझं दुकान उभं करणार होतात? वर्षभरात फरशी खचली असती! यांची माती आत्ताच्या आत्ता परत नेऊन टाका. आणि पहिली गाडी तुम्ही स्वतः ढकलायची!"

घामाघूम कंत्राटदार कुंपणापाशी पुटपुटला, "एवढ्याशा मातीसाठी केवढा तमाशा!"

"एवढीशी?" ठिणगी उसळली. "अशी माती एक घमेलंभर तरी करून दाखवा!"

त्याने मान खाली घालून गाडी रिकामी केली.

मावशीने तिघांनाही जवळ ओढलं. "शाबास रे पोरांनो! ठिणगे, तुझ्या रागाला मी कायम नावं ठेवली. काल मीही असंच चिडायला हवं होतं. घे, पहिलं रोप तू लाव."

ठिणगीचा राग अजून धुमसत होता. तरी रोप तिने अगदी अलगद मातीत ठेवलं.